घंटेची परीक्षा

आमच्या शाळेच्या पटांगणांत, चॅपलच्या डाव्या अंगास, दोन दगडी खांबांच्या मध्यें एक कांशाची घंटा टांगलेली होती. ह्या शाळेंत जे कोणी शिकले, त्यांच्यापैकीं असा एकहि विद्यार्थी नसेल कीं, ज्याच्या स्मृतींत त्या घंटेचा नाद नाहीं. सकाळीं प्रार्थनेस बोलावणारी तीच, मधल्या सुट्टीचा आनंद देणारी तीच, आणि परीक्षेच्या वेळीं "आतां लेखणी खालीं ठेवा" असें निष्ठुरपणें बजावणारीहि तीच. २०२५ सालच्या नाताळापासून ती तेथें नाहीं. ती कां नाहीं, हें सर्व मुलांस ठाऊक आहे. परंतु तिच्या पायीं मला जो धडा मिळाला, तो मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे. तो सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच. धडा घेणारा येथें शिक्षक आहे, आणि देणारीं दोघें आहेत : एक इयत्ता नववींतील विद्यार्थिनी, व दुसरे शाळेची घंटा वाजविणारे आमचे शिपाई-मामा.

आरंभ झाला तो एका वार्तेपासून. २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या १० तारखेस शास्त्रज्ञांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, त्याच वर्षीं १४ जानेवारीस, म्हणजे आपल्याकडे घरोघर तिळगूळ वाटला जात होता त्या दिवशीं, अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं एक गुरुत्वतरंग टिपला, व तोंपर्यंत टिपलेल्या सर्व तरंगांत तो सर्वांत स्पष्ट होता. सूर्याच्या प्रत्येकीं तीस-बत्तीस पटींहून अधिक वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें एकमेकांभोवतीं फिरतां फिरतां एकरूप झालीं, आणि तो धक्का सुमारें १३० कोटि वर्षें प्रवास करून पृथ्वीवर येऊन पोंचला. ही वार्ता मी मोठ्या उत्साहानें वर्गांत सांगितली, आणि ती समजावी म्हणून घंटेचाच दाखला दिला. तोच दाखला येथेंहि देतों.

आपल्या आया बाजारांत मडकें घेतांना काय करतात, हें तुम्ही पाहिलेंच असेल. त्या मडक्यावर बोटाच्या पेरानें टिचकी मारतात. खणखणीत वाजलें तर घेतात. बद्द वाजलें तर परत ठेवतात. पूर्वीं चांदीचा रुपयाहि असाच वाजवून घेत. डोळ्यांस न दिसणारा दोष कानांस कळतो, ही आपल्या लोकांची जुनी विद्या आहे. ह्याचें कारण असें कीं, कोणतीहि वस्तु आघातानें थरथरूं लागली म्हणजे ती वाटेल त्या स्वरांत थरथरत नाहीं. तिचे कांहीं ठराविक स्वर असतात, आणि ते तिच्या आकारावर, जाडीवर व धातूवर अवलंबून असतात. टोला काठीनें मारा कीं हातोडीनें मारा, घंटा आपल्याच स्वरांत बोलते. शिवाय तो नाद किती वेळ टिकतो, ह्यावरूनहि ती चांगली कीं फुटकी हें समजतें.

आतां कृष्णविवर म्हणजे कांहीं धातूची वस्तु नव्हे. ज्याच्या कक्षेंत शिरलेला प्रकाशहि परत येत नाहीं, असें तें अवकाशांतील स्थळ. तेथें वाजावयाचें तें काय ? १९१५ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांनीं व्यापक सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला. त्याप्रमाणें गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश व काल ह्यांच्या एकत्र पटास आलेली वक्रता. पट म्हटला कीं तो हालविल्यास त्यावर लहर उठणारच. कृष्णविवरास धक्का बसला, म्हणजे त्याच्या भोंवतालचा हा पटच थरथरतो, आणि ती थरथर गुरुत्वतरंगांच्या रूपानें बाहेर पडते. शास्त्रज्ञ ह्या थरथरीस क्षोभ म्हणतात.

ह्या नादाचा शोध प्रथम लागला तो कागदावर, आणि लावणारे गृहस्थ भारतीय होते, हें सांगतांना मला नेहमीं आनंद होतो. बंगळूर येथें जन्मलेले व अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठांत अध्ययन केलेले सी. व्ही. विश्वेश्वर ह्यांनीं १९७० सालीं एक लेख प्रसिद्ध केला. कृष्णविवरावर गणितानें एक लहर सोडली, तर परत काय येईल, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असें आलें कीं, लहर पुरेशी आंखूड असली, तर तिचा मूळ आकार कसाहि असो, परत येणारा तरंग एका ठराविक स्वरांत थरथरतो आणि झपाट्यानें विरून जातो. म्हणजे विवरासहि घंटेसारखा स्वतःचा स्वर आहे ! पुढें ४५ वर्षांनीं, २०१५ च्या सप्टेंबर महिन्याच्या १४ तारखेस, गुरुत्वतरंग पहिल्यानें प्रत्यक्ष टिपला गेला. त्याच्या अखेरीचा नाद सेकंदास सुमारें २५० कंपांचा होता. हार्मोनियमवरील मधल्या सप्तकांतील पांढरी एक दाबली असतां जो स्वर निघतो, त्याच्या किंचित् खालीं. परंतु टिकला किती ? एका सेकंदाचे २५० भाग केले, तर त्यांतील एका भागांतच तो निम्म्याहून कमी झाला. विश्वेश्वर २०१७ च्या जानेवारींत निवर्तले. आपण कागदावर ऐकलेला नाद जगानें यंत्रांत ऐकला, हें पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें.

मात्र खरीं कृष्णविवरें भोंवऱ्याप्रमाणें स्वतःभोवतीं फिरत असतात. फिरणाऱ्या विवराचें वर्णन न्यूझीलंडचे रॉय केर ह्यांनीं १९६३ सालीं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढलें. त्यांतील नवल असें कीं, असल्या विवराचें संपूर्ण वर्णन करावयास दोनच संख्या पुरतात : त्याचें वस्तुमान किती, आणि तें किती वेगानें फिरतें. तें कशापासून झालें, त्यांत काय पडलें, ह्याची कोणतीहि खूण बाहेर राहत नाहीं. फिरणाऱ्या विवराच्या क्षोभाचें गणित अतिशय गुंत्याचें होतें. १९७२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतून अमेरिकेंत शिकावयास गेलेला सॉल ट्यूकोल्स्की नांवाचा तरुण विद्यार्थी तो गुंता सोडवूं शकला. त्याच्या समीकरणांत सर्व धागे एकेक करून वेगळे होतात, आणि कोणत्या विवराचे स्वर कोणते, हें अचूक सांगतां येतें.

ह्यावरून परीक्षेची युक्ति सुचते. मूळ स्वर ऐकला, म्हणजे आपणांस दोन गोष्टी मिळतात : त्याची कंपसंख्या व तो विरण्याचा वेग. त्या दोहोंवरून वस्तुमान व फिरण्याची गति ह्या दोन्हीं संख्या काढतां येतात. मग दुसरा स्वर कोणता असला पाहिजे, हें ऐकण्यापूर्वींच ठरून जातें. त्याला स्वातंत्र्य उरत नाहीं. म्हणून पहिला स्वर विवराची ओळख सांगतो, आणि दुसरा स्वर सिद्धान्ताची परीक्षा घेतो. २०२५ च्या त्या तरंगांत मूळ स्वर व त्याचा उपस्वर असे दोन्हीं ओळखूं आले, आणि मोजमापाच्या मर्यादेंत आइन्स्टाइनचा सिद्धान्त त्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला.

इतकें सांगून मी विजयी मुद्रेनें वर्गाकडे पाहिलें. तेव्हां तिसऱ्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली. ती एरवीं फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "सर, आइन्स्टाइनचें बरोबर आहे, हें तर पुस्तकांत आधींच छापलेलें आहे. मग तें पुन्हां पुन्हां तपासून काय मिळालें ? उत्तर तर तेंच आलें."

वर्ग हंसला. मीहि हंसलों. "शास्त्रज्ञांचें तें कामच आहे. तूं खालीं बस," एवढेंच मी म्हणालों. ती खालीं बसली, आणि पुढील दोन महिने तिनें माझ्या तासाला एकहि प्रश्न विचारला नाहीं. तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें, हें खरें कारण होतें.

नोव्हेंबर महिन्यांत एके दिवशीं सकाळीं मामा प्रयोगशाळेच्या दारांत येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी हातांत घेऊन ते म्हणाले, "सर, घंटा बद्द बोलते आहे. तडा गेला असावा."

मी त्यांच्याबरोबर गेलों. खालून वर पाहिलें. तडा कोठेंहि दिसला नाहीं. त्यांनीं एक टोला दिला. मला तो नेहमींसारखाच वाटला. तेव्हां मीं त्यांस समजावून सांगितलें कीं, "मामा, हे थंडीचे दिवस आहेत. थंडीनें धातु आकुंचन पावते, अधिक ताठर होते, आणि त्यामुळें स्वर किंचित् बदलतो. त्यांत काळजीचें कारण नाहीं."

मामांनीं मान हालविली. परंतु ते गेले नाहींत. ते म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले आहां. पण मी एकतीस वर्षें रोज हिला ऐकतों आहें. थंडींत ही सगळीच्या सगळी चढते. सगळे सूर एकदम, हात धरून चढतात. आतां तसें नाहीं. आतां हिचे सूर आपसांत भांडताहेत."

मीं पुन्हां हंसून त्यांची पाठ थोपटली, व माझ्या कामास लागलों.

त्यानंतर आठवड्याभरानें मामांनीं घंटा वाजविणेंच बंद केलें. व्हरांड्यांत रुळाचा एक जुना तुकडा टांगून ते त्यावरच टोले देऊं लागले. हेडमास्तरांनीं कारण विचारलें, मामांनीं सांगितलें. मग शास्त्राचा शिक्षक म्हणून माझें मत विचारण्यांत आलें, आणि घंटा निर्दोष आहे असें मीं ठामपणें सांगितलें. हेडमास्तर विचारी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "दोघांचाहि मान राहील. घंटा उतरवून पाहूं." बाजारांतील एका वृद्ध तांबटास बोलावण्यांत आलें. त्यानें दोरखंड लावून घंटा हळूच खालीं घेतली, ती उलटी केली, आणि आंतील काजळी चिंचेनें घासून काढली. घंटा जेथें कडीस अडकविलेली असते, त्या माथ्यापासून निघून कमरेपर्यंत उतरलेली केंसाएवढी बारीक रेघ तेथें स्पष्ट दिसली. तांबटानें तींत नख फिरवून पाहिलें आणि तो म्हणाला, "हें फार दिवस टिकलें नसतें."

त्या घंटेच्या अगदीं खालीं, रोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं, पहिल्या इयत्तेचीं मुलें रांग धरून उभीं राहतात.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मीं चूक केली, एवढ्याचाच तो सल नव्हता. चूक सर्वांच्याच हातून होते. परंतु मामांनीं मला जें सांगितलें होतें, तें मीं स्वतःच सप्टेंबरांत फळ्यावर लिहून दाखविलें होतें ! एकच स्वर ऐकून भागत नाहीं. स्वरांचें परस्परांशीं असलेलें नातें पाहावें लागतें, हाच तर कृष्णविवराच्या परीक्षेचा सारा मर्मार्थ. विवर जड असेल, तर त्याचे सर्व स्वर एकाच प्रमाणांत खालीं येतात. हलकें असेल, तर एकाच प्रमाणांत चढतात, थंडींतील घंटेप्रमाणें, हात धरून. त्यावरून सिद्धान्ताविषयीं कांहींच ठरत नाहीं. परंतु फिरण्याची गति जमेस धरूनहि स्वरांचें आपसांतील नातेंच जुळेनासें झालें, तर मात्र तडा सिद्धान्तांत आहे. इंग्रजी ग्रंथांत वाचलें तेव्हां जें मला पटलें, तेंच मामांच्या तोंडून ऐकतांना मला ओळखूं आलें नाहीं. विद्येचा असा गर्व मला शोभला नाहीं.

आणि त्याच रात्रीं मला त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तरहि सांपडलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत गेल्यावर मीं प्रथम तिची क्षमा मागितली, आणि मग उत्तर दिलें, तें असें.

आइन्स्टाइनचा सिद्धान्त आजवर प्रत्येक परीक्षेस उतरला आहे. तरीहि तो शेवटचा शब्द आहे, असें शास्त्रज्ञ मानीत नाहींत. अणूंच्या जगाचे जे नियम आहेत, त्यांच्याशीं त्याचा मेळ अद्याप बसलेला नाहीं. कृष्णविवराच्या अंतर्भागीं तो अनंत संख्या देतो, म्हणजे तेथें त्याची वाचा बसते. ह्यामुळें कांहीं विद्वानांनीं त्यांत भर घालून सुधारित सिद्धान्त मांडले आहेत. एका प्रकारांत वक्रतेच्या वर्गाच्या राशीस एक नवें क्षेत्र जोडलेलें असतें. त्याचें नांव गाउस व बॉने ह्या गणितज्ञांवरून पडलें आहे. दुसऱ्या प्रकारास चर्न व सायमन्स ह्यांचें नांव आहे, आणि त्यांत गुरुत्वाकर्षण डावें-उजवें ह्यांत भेद करतें. ह्या दुसऱ्या प्रकारांत एक मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. विवर न फिरणारें असेल, तर तें आइन्स्टाइनच्या विवरासारखेंच असतें. फिरूं लागलें, कीं मगच दोहोंतील फरक प्रगट होतो. भोंवरा वांकडा आहे कीं सरळ, हें तो हातांत असतांना कळत नाहीं. फिरविल्यावरच कळतें, तसें हें आहे.

असल्या सिद्धान्तांत फिरणाऱ्या विवराचे स्वर कोणते, हें काढणें अतिशय कठिण. ट्यूकोल्स्कीच्या समीकरणांत जे धागे सुटतात, ते येथें पुन्हां एकमेकांत अडकतात. २०२२ च्या सुमारास कांहीं संशोधकांनीं त्या समीकरणास सुधारित रूप देऊन ह्या कामास वाट करून दिली. त्याशिवाय थेट संगणकानेंहि हे स्वर काढण्यांत येत आहेत. ह्यांतून जें दिसून येतें, तें ऐकण्यासारखें आहे. विवराचा क्षोभ दोन जातींचा असतो, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धान्तांत ह्या दोन्हीं जातींचे स्वर जुळ्या भावंडांप्रमाणें तंतोतंत एक असतात. न फिरणाऱ्या विवरापुरतें हें आपले एस्. चंद्रशेखर व त्यांचे सहकारी डेटवायलर ह्यांनीं १९७५ सालीं दाखविलें. सुधारित सिद्धान्तांत हीं जुळीं विलग होतात. मामांच्या भाषेंत सांगावयाचें, तर सूर आपसांत भांडूं लागतात.

हें भांडण आजवर ऐकूं आलेलें नाहीं. तरी तें ऐकूं येईल कीं नाहीं, हें समजण्यास कान तयार पाहिजे, आणि कान तयार होतो तो घंटा निर्दोष असतांनाच. मामांनीं एकतीस वर्षें रोज तोच स्वर ऐकला, त्या हजारों सकाळीं "उत्तर तर तेंच आलें." म्हणून त्या व्यर्थ गेल्या काय ? त्या गेल्या नसत्या, तर बदललेला स्वर त्यांस कळलाच नसता. मला कळला नाहीं, कारण मीं ती घंटा रोज ऐकली होती, परंतु लक्ष देऊन एकदांहि ऐकली नव्हती. सिद्धान्त खरा ठरतो तेव्हां शास्त्रज्ञांचे श्रम वायां जात नाहींत. पुढील सूक्ष्म परीक्षेसाठीं त्यांचे कान तयार होतात.

कोणी म्हणेल कीं, अशी शंका घेणें म्हणजे श्रद्धेचा अभाव होय. मिशनच्या शाळेंत वाढलेल्या मला तसें वाटत नाहीं. थोमा नांवाच्या शिष्यानें खूण पाहिल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं असें म्हटलें, तेव्हां प्रभूनें त्यास दूर लोटलें नाहीं. जवळ बोलावून आपल्या जखमा दाखविल्या. मीं मात्र एका प्रामाणिक प्रश्नास "खालीं बस" म्हणालों, आणि एका प्रामाणिक कानास थंडीचें कारण सांगून वाटेस लाविलें. पालकांसहि माझी विनंती आहे कीं, घरीं मूल असा प्रश्न विचारील, तेव्हां त्यास हंसूं नये.

आतां थोडें पुढच्याविषयीं. हें सारें परदेशांतच घडतें, असें समजूं नका. गोंगाटांतून गुरुत्वतरंग कसा निवडून काढावा, ह्याचें मूलभूत गणित करणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेंतील संजीव धुरंधर हे अग्रगण्य होत. आणि आपल्याच महाराष्ट्रांत, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाच्या परिसरांत, अमेरिकेंतील वेधशाळांसारखीच एक वेधशाळा उभारण्यास २०२३ सालीं केंद्र सरकारनें सुमारें २६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्या, आणि त्यांतून जाणारा-येणारा प्रकाश, असें तिचें स्वरूप. २०१५ सालचा तरंग आला, तेव्हां अशा चार किलोमीटर लांबींत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेंकडों भागांपैकीं एका भागाएवढा होता ! इतकें सूक्ष्म ऐकावयास बसावयाचें, म्हणजे मामांसारखा धीर पाहिजे. ती वेधशाळा पुरी होईल, तेव्हां आज नववींत असलेलीं मुलें कॉलेजांतून बाहेर पडत असतील. त्यांच्यापैकीं कोणी तेथें ऐकावयास बसेल, अशी आशा मी करतों.

असो. घंटा पुन्हां ओतावयास पाठविली आहे. ती परत आली म्हणजे पहिला टोला मामांनीं द्यावा, असें हेडमास्तरांनीं ठरविलें आहे. त्या दिवशीं नववींतील त्या मुलीनें, घंटेचे कोणते स्वर निघाले व ते किती वेळ टिकले, हें एका वहींत लिहून ठेवावें, असें मीं तिला सुचविलें आहे. तिनें तें मान्य केलें, मात्र लगेच विचारलें, "सर, ही वही दर वर्षीं पुन्हां लिहावी लागेल ना?"

मीं म्हणालों, "होय, दर वर्षीं."